वीस वारांच्या आत



दीड महिना इथं काही लिहिलं नाही. लेकीकडे गेलो होतो, अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात. तिकडची सोयाबीन कशी, मका कसा, एकरी उतारा किती, असे बरेच मेसेज येऊन पडलेत. ते एकदा निवांत लिहितो. आज हरणांवर लिहायचं आहे. काल रात्री माझ्या तुरीत रोही घुसले. सकाळी मोडलेली झाडं मोजताना तिकडच्या दोन संध्याकाळी आठवल्या. आणि त्याच्यासोबत एक जुनी गोष्ट, जी मी अकरा वर्षं कोणाला सांगितली नाही.

नवीन वाचकांसाठी सांगतो, माझं वावर कारंजा तालुक्यात आहे, जिल्हा वाशीम. आमच्या भागात काळवीटांचं अभयारण्य आहे, कारंजा-सोहोळचं. काळवीट, रोही आणि रानडुक्कर, तिघांनाही आमचं पीक आवडतं. पेरलं की उगवण काळवीट खातो, फुलोऱ्यात रोही येतो, आणि दाणा भरला की डुकरं. जागल करणाऱ्याला यातलं काही नवीन नाही.

तर तिकडे जावयाच्या ऑफिसातल्या एकाचे वडील शेतकरी निघाले. मॅडिसनच्या पश्चिमेला तासाभरावर, टेकड्या-टेकड्यांचा मुलूख. मका, सोयाबीन आणि थोडी गुरं. वय माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी जास्त. त्यांचं नाव माझ्या जिभेवर बसेना म्हणून मी त्यांना पाटील म्हणायला लागलो. जावईबापूंनी अर्थ सांगितला तेव्हा ते खूश झाले.

पाटलांनी आधी मला वावर दाखवलं. जंगलाला लागून असलेल्या मक्याच्या आठ-दहा ओळींची कणसं पार चघळलेली. पायाचे ठसे बघितले आणि मी म्हटलं, हे तर आमच्यासारखंच! तिकडचं हरण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरण. अंगानं साधारण आपल्या चितळाएवढं, पण ठिपके फक्त पिल्लाला. मोठं झालं की ठिपके जातात. शेपटी वरून तपकिरी, खालून पांढरी शुभ्र. भ्यालं की शेपटी उभी करून पळतं, तेव्हा अंधारातही पांढरा रुमाल हलवल्यासारखं दिसतं. नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. आपल्या काळवीटाची तशी गळत नाहीत, ती जन्माची.

१९०० च्या आसपास हे हरण तिकडे बऱ्याच भागांतून संपत आलं होतं. मारून मारून संपवलं होतं. मग कायदे झाले, शिकारीचा हंगाम ठरला, परवाने आले. आता अख्ख्या देशात तीन कोटींच्या आसपास असतील असं म्हणतात. म्हणजे संपत आलेलं हरण आता शेतकऱ्याच्या डोक्यावर बसलंय. धनुष्यबाण विकला गेला की त्यावर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यप्राण्यांच्या कामाला जातो. शेतकऱ्याला नुकसानभरपाईची योजनाही आहे, पण अट अशी की ज्याला भरपाई पाहिजे त्यानं आपल्या वावरात दुसऱ्या लोकांनाही शिकार करू द्यायची. ही अट मला हुशारीची वाटली. आपल्याकडे पंचनाम्याची वाट बघता बघता पीक सोंगून होतं.

बंदुकीचा हंगाम तिकडे नोव्हेंबरच्या शेवटी थोडेच दिवस असतो. धनुष्याचा मात्र सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत. पाटील धनुष्यवाले. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी माझ्यासोबत बसता का? नुसतं बसायचं, हात कशाला लावायचा नाही.

आमच्या घरात माळ आहे, बायकोच्या गळ्यात. तिला फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "जा, पण माझ्यासमोर त्याचं वर्णन करू नका." म्हणून हे सगळं तुम्हालाच सांगतोय.

बसायची जागा म्हणजे जमिनीवरचा आडोसा. तिकडे त्याला ग्राउंड ब्लाइंड म्हणतात. छत्रीसारखा उघडणारा चौकोनी तंबू, आतून काळाकुट्ट, चारी बाजूंनी खिडक्या. बरेच लोक झाडावर चढून बसतात, आपल्या मचाणासारखं. पण झाडावरून पडून दरवर्षी माणसं जायबंदी होतात, आणि पाटलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते जमिनीवर. तंबू त्यांनी ऑगस्टमध्येच लावून ठेवला होता. नवीन वस्तू दिसली की हरण दहा दिवस त्या बाजूला फिरकत नाही, सवय व्हावी लागते. वरून मक्याची धांडं आणि फांद्या बांधलेल्या. दहा पावलांवरून मला तो दिसला नाही. मी कडब्याची गंजी समजलो.

जायच्या आधी माझी झडती झाली म्हणा ना. डोक्याला तेल नाही, वासाचा साबण नाही. खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी गाडीत ठेवायला लावली. काळं जॅकेट दिलं, कारण आत काळं असलं की बाहेरून माणूस दिसत नाही. मागच्या खिडक्या बंदच ठेवायच्या. नाहीतर मागचा उजेड येतो आणि आपली आकृती उठून दिसते.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. तिकडे तेव्हा पावणेपाचलाच सूर्य बुडतो. आम्ही दोन वाजता जाऊन बसलो. वर टेकडीवर ओकची झाडं, मध्ये कापलेल्या मक्याचे खुंट, खाली ओढा. आम्ही खुंटांच्या खालच्या कडेला.

बसल्यावर पाटलांनी खिशातून एक वाळकी शेंग काढली, चिमटीनं फोडली आणि आतला कापूस खिडकीतून सोडला. मी बघतच राहिलो. म्हातारी! आपल्या रुईची म्हातारी पोरं फुंकत फिरतात ना, तीच. तिकडची झाडं वेगळी, पण आहेत रुईच्याच कुळातली. ती म्हातारी हवेत तरंगत तरंगत खाली ओढ्याकडे गेली. पाटलांनी मान हलवली, म्हणजे बरोबर आहे. त्याचं गणित मला रात्री जावईबापूंनी समजावलं. दिवसा उन्हानं हवा तापते आणि चढावरून वर जाते. संध्याकाळी थंड झाली की जड होते आणि पाण्यासारखी उतारानं खाली वाहते. हरण येणार वरून, आपला वास जाणार खाली. वारा पडलेला असला तरी हवा अशी सरकतच असते. तीस वर्षं जागल करून मला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणण्यापेक्षा, अंगाला लागत होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं.

आपली जागल म्हणजे आवाज. डबा वाजवा, फटाका फोडा, भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावा, आरोळी ठोका. मी आहे, मी आहे, असं रात्रभर सांगत राहायचं. इथं नेमकं उलटं. अडीच तास खुर्चीवर, बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. थंडीनं बोटं बधीर झाली. घशात खवखव सुरू झाली की मी तोंड बाहीत घालायचो. पाटलांना मराठी येत नाही, मला इंग्रजी कामापुरती. पण त्या तंबूत त्यानं काही अडलं नाही. ते बोट दाखवायचे, मी बघायचो.

साडेचारच्या सुमाराला नर आला. शिंगांना आठ टोकं. माझं काळीज असं वाजायला लागलं की वाटलं त्याला ऐकू जाईल. पाटलांनी एक काडी रोवून ठेवली होती, वीस वारांवर, म्हणजे साठ फूट. तिच्या अलीकडे आलं तरच बाण, पलीकडे नाही. नर काडीच्या अलीकडे आला. पाटलांनी धनुष्य ओढलं. त्या धनुष्याला टोकांशी चाकं असतात. सुरुवातीला साठ पौंड जोर लागतो, म्हणजे २७ किलो, पण पूर्ण ओढल्यावर हातात पाच-सहा किलोच उरतं. म्हणून माणूस ताणून थांबू शकतो.

ते थांबले. नर सरळ आमच्याकडे तोंड करून उभा. एक मिनिट गेलं असेल, मला तासाएवढं वाटलं. नरानं पुढचा पाय जमिनीवर आपटला, नाकातून फुस्स केलं, आणि शेपटी उभी करून गेला. पाटलांनी धनुष्य हळूच सैल केलं.

मला वाटलं चुकले. रात्री विचारलं. ते म्हणाले, समोरून मारलं तर हाडात अडकतं किंवा पोटात जातं. जनावर मरतं, पण दोन दिवसांनी, कुठंतरी झुडपात. आडवं उभं असेल, पुढचा पाय जरा पुढं असेल, तेव्हाच फुप्फुस उघडं पडतं. मी म्हटलं, अहो, पण त्यानं तुमचा मका खाल्ला! ते हसले. म्हणाले, मका काय दरवर्षीच खातात.

मला ते हसणं तेव्हा पटलं नाही, खरं सांगतो. ज्याचं पोट त्या मक्यावर आहे त्याला असं हसता येणार नाही, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. या वेळी दोन माद्या आल्या. पाटलांनी मला आधीच सांगितलं होतं, मादी आली तर मादीच घेणार. शिंगांच्या हौसेपायी लोक नर मारतात. त्यानं भिंतीवर लावायला शिंगं मिळतात, पण कळप कमी होत नाही. कळप कमी करायचा तर मादी. पिल्लं तोपर्यंत दूध सोडून स्वतःचं खायला लागलेली असतात. कृषी खात्यातले जे साहेब लोक हे पेज वाचतात त्यांना हे गणित लगेच कळेल.

मोठी मादी आडवी उभी राहिली, अठरा वारांवर. बाण सुटला तो आवाज टाळी वाजल्यासारखा. पण बाण सुटता सुटता तिनं एक पाऊल पुढं टाकलं. दोघी उधळल्या आणि झाडीत गेल्या.

मी उठायला गेलो. पाटलांनी माझं मनगट धरलं. घट्ट. अर्धा तास आम्ही तसेच बसलो. मग ते बाहेर गेले, पलीकडे पडलेला बाण आणला आणि टॉर्चच्या उजेडात फिरवून फिरवून बघितला. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्ध्या तासात जनावर पडलेलं असतं. हिरवट चोथा आणि घाण वास असेल तर पोट, मग रात्रभर थांबायचं. याच्यावरचं रक्त काळपट लाल होतं. म्हणजे काळीज. चार तास थांबायचं, कारण लगेच मागं गेलं तर ती उठून पळते आणि मग मिळत नाही.

चार तास! आणि तिकडे कोयोट नावाचा कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा प्राणी आहे, तो वासावर आधी पोचला तर सगळंच गेलं. तरी थांबायचं.

आम्ही पाटलांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. नुसतं ताट वाढून समोर ठेवलं. पाटील जेवले नाहीत. बूटही काढले नाहीत. खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले. जावईबापू आले होते, ते मला हळूच म्हणाले, "बाबा, यांना स्वतःचाच राग आलाय."

रात्री साडेआठनंतर निघालो. पाटील पुढं, वाकून, दुखऱ्या गुडघ्यानं. रक्ताचा थेंब दिसला की तिथं कागदाचा तुकडा ठेवायचे, म्हणजे मागं वळून बघितलं की वाट कळते. एके ठिकाणी रक्त संपलं. पाटील हातापायांवर आले, एकेक पान उलटून बघत होते. वीस मिनिटं गेली असतील. मग एका गवताच्या काडीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, माझ्या टॉर्चला एक डाग दिसला. मी "पाटील!" म्हणून ओरडलो. तिथून तीस-चाळीस पावलांवर ती पडली होती. पाटलांनी लांब काडीनं डोळ्याला हात लावल्यासारखं केलं, मेल्याची खात्री केली, मग हातमोजा काढला आणि मानेवर हात ठेवून बसून राहिले. काही वेळ कोणी बोललं नाही.

पोट साफ करताना आतून मका आणि ओकची फळं निघाली. रातोरात फोनवरून नोंद केली, तसा नियमच आहे, दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आत. मांस फ्रीजरमध्ये गेलं पण खाल्लं नाही. त्या भागातल्या हरणांना मेंदूचा एक रोग आहे, २००२ साली विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला. हरण वाळत वाळत जातं. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण शिजवूनही तो जात नाही. म्हणून मानेतल्या गाठी तपासायला देतात आणि निकाल येईपर्यंत थांबतात. पुन्हा थांबणंच.

घरी परतताना गाडीत पाटलांनी जावईबापूंमार्फत विचारलं, तुमच्याकडे मारता का? मी सांगितलं, नाही. काळवीटाला हात लावायचा नाही, रोही आणि डुकरासाठी वनखात्याकडे अर्ज करून परवानगीची तरतूद आहे, पण आम्ही आपली जागल करतो. मग त्यांनी विचारलं, नुसत्या जागलीनं भागतं का?

मी "तार" म्हटलं आणि थांबलो. जावईबापूंना वाटलं कुंपणाची तार. त्यांनी तसंच सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी हरभऱ्यात डुकरांनी सलग चार रात्री धिंगाणा घातला होता. पाचव्या रात्री मी मोटारीच्या पेटीतून लाईन घेतली आणि खालच्या धुऱ्याला बायंडिंग तार ओढून त्यात सोडली. मी एकटा असं करणारा नव्हतो, पण ते सांगून काही फायदा नाही. मी घरी जाऊन झोपलो. झोप छान लागली, हे मला आजही आठवतं. पहाटे अंधारात येऊन फ्यूज काढला आणि धुऱ्यानं गेलो तर माझा मोत्या तारेला चिकटून पडला होता. माझ्यामागं यायला निघाला असेल रात्री. मी त्याला पोत्यात भरून नाल्याच्या काठाला पुरलं आणि तार गुंडाळत होतो, तेवढ्यात शेजारचं चौदा वर्षांचं पोट्टं त्याच धुऱ्यावरून मोटार चालू करायला आलं, अनवाणी. "काका, मोत्या कुठं गेला?" म्हणालं. मी म्हटलं, पान लागलं रे त्याला.

गावाला, बायकोला, सगळ्यांना तेच सांगितलं. ते पोट्टं आता ट्रॅक्टर चालवतं, माझीच पेरणी करतं. हे वाचेल तेव्हा त्याला कळेल. पाटील त्या रात्री जेवले नाहीत तेव्हा मला माझी ती छान लागलेली झोप आठवत होती.

मी धनुष्यबाण इकडे आणा म्हणत नाही. आपला कायदा वेगळा, आणि आपल्या वावरात रात्री-बेरात्री पाणी द्यायला माणसं असतात. तारेत सलग करंट सोडणारे अजूनही आहेत, त्यांनी या पोस्टखाली येऊन मला शिव्या दिल्या तरी चालेल. मी आता सोलरचं झटका मशीन वापरतो. त्याचा झटका क्षणाचा असतो, जनावर दचकून मागं जातं. फक्त अर्थिंग ओलीत पाहिजे आणि खालच्या तारेला गवत लागू द्यायचं नाही, लागलं की झटका जमिनीत उतरतो.

आणि एक नवीन प्रयोग चालू आहे. माझं मचाण वरच्या टोकाला आहे आणि नाला खाली. डुकरं नाल्यातून येतात, पण नुकसान नेहमी पूर्वेच्या कोपऱ्यात व्हायचं. मला वाटायचं तो कोपरा नशिबाचा फुटका. तिकडून आल्यावर रुईच्या शेंगा खिशात ठेवून रोज संध्याकाळी म्हातारी सोडून बघतोय. हवा मचाणावरून सरळ नाल्याकडे उतरते, पूर्वेचा कोपरा तेवढा सुटतो. म्हणजे त्यांना माझा वास येतो, आणि जिथं येत नाही तिथून ती शिरतात. शिकाऱ्याला वास लपवायचा असतो, मला तर पसरवायचाय! म्हणून आता हवा बघून बसायची जागा बदलतो आणि वास पोचत नाही त्या बाजूला झटक्याची तार ठेवतो. तीनच आठवडे झालेत. दोन रात्री फसलो, त्यातली एक कालची. रात्री बारानंतर वारा फिरला आणि मी उठून बघितलं नाही.

आज म्हातारी सोडली तर ती पश्चिमेच्या धुऱ्याकडे गेली. मी चिंचेखाली खाट टाकतोय. पूर्वेच्या तारेखालचं गवत उद्या सकाळी काढायचं आहे.